अर्धविरामांचा माणूस

किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं भरतात ना, तसल्या एका प्रदर्शनात मला 'मिडलमार्च' मिळालं. अशा ठिकाणी जाड पुस्तक महाग पडतं, हे मला ते काट्यावर चढल्यावर कळलं! आठशेच्या वर पानं, मुंगीएवढा टाइप. सोबतचा मित्र म्हणाला, "हे तू वाचणार? तू रिलीज नोट्स वाचत नाहीस साल्या." मुद्दा बरोबर होता. पण काट्यावर चढवलेलं पुस्तक परत ठेवायची लाज वाटली, म्हणून घेतलं.

घरी येऊन उघडलं. सुरुवातीलाच एक छोटी प्रस्तावना, सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या संत तेरेसाबद्दल. कादंबरी इंग्लंडमधल्या एका गावाची आणि सुरुवात स्पेनमध्ये! दोनदा वाचली, दोन्ही वेळा डोक्यावरून गेली. चौथ्या पानावर खूण म्हणून बसचं तिकीट घातलं आणि पुस्तक मॉनिटरखाली सरकवलं. मॉनिटरची उंची मात्र अगदी बरोबर झाली. पुढचं वर्षभर जॉर्ज एलियटनं माझ्या मानेची काळजी घेतली.

मग गेल्या जुलैमधल्या एका शनिवारी दुपारी वीज गेली. बाहेर धो धो पाऊस, मोबाइल ११ टक्क्यांवर, मॉनिटर म्हणजे नुसता काळा ठोकळा. करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. मॉनिटर उचलला, पुस्तक बाहेर काढलं. पुढचे चार महिने माझे शनिवार-रविवार त्यातच गेले.

मी काही साहित्याचा विद्यार्थी नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी सायन्स, मग इंजिनिअरिंग. इंग्रजी म्हणजे आमच्यासाठी आधी व्याकरणाचे मार्क, नंतर इंटरव्ह्यू आणि त्यानंतर ईमेल. हापिसातल्या इंग्रजीचा एकच नियम: वाक्य छोटं ठेवा, मुद्दा आधी सांगा, बुलेट टाका. मोठं वाक्य दिसलं की आम्ही ते तोडतो, जसं दोनशे ओळींचं फंक्शन दिसलं की तोडतो. एकोणिसाव्या शतकातल्या लांबलचक वाक्यांबद्दल माझं मत एवढंच होतं, की तेव्हा लोकांना वेळ होता बुवा.

ते मत कसं बदललं ते सांगायचंय. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगायचीय.

आधी थोडी माहिती. जॉर्ज एलियट ही बाई. खरं नाव मेरी ॲन इव्हान्स, जन्म १८१९ चा, इंग्लंडमधल्या वॉरिकशायरचा. वडील एका जहागिरीचे कारभारी. कादंबऱ्या तिनं पुरुषी टोपणनावानं लिहिल्या. 'मिडलमार्च' डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात आठ भागांत बाहेर आलं, म्हणजे तेव्हाच्या वाचकांनाही ते वर्षभर पुरवून पुरवूनच वाचावं लागलं. (मला चार महिने लागले, त्याची लाज नाही!) गोष्ट मात्र त्याच्याही चाळीस वर्षं आधीची, १८२९ ते १८३२ मधली. संसदेच्या निवडणुकांमध्ये सुधारणा करणारा मोठा कायदा येऊ घातलाय, रेल्वेवाले जमीन मोजायला आले म्हणून शेतमजूर त्यांच्या अंगावर धावून जातायत, असा तो काळ.

आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, ही मुळात दोन वेगळी पुस्तकं होती. १८६९ मध्ये तिनं या गावाची आणि तिथं नव्यानं आलेल्या लिडगेट नावाच्या डॉक्टरची गोष्ट लिहायला घेतली. ती अडली. १८७० च्या शेवटी 'मिस ब्रुक' नावाची दुसरीच गोष्ट सुरू केली. आणि मग दोन्ही ब्रँच मर्ज करून टाकल्या. इतका स्वच्छ मर्ज मी आयुष्यात बघितलेला नाही.

मिस ब्रुक म्हणजे डोरोथिया. वय विशीच्या आसपास, घरचं उत्तम, आणि आयुष्यात काहीतरी मोठं, लोकांच्या उपयोगाचं करायचं या विचारानं झपाटलेली. तिला भेटतो मिस्टर कसॉबन. पंचेचाळिशी ओलांडलेला पाद्री, विद्वान, एकटा. तो एका प्रचंड ग्रंथाच्या मागे लागलाय: जगातल्या सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली. साऱ्या दंतकथा म्हणजे मूळच्या एकाच सत्याची बिघडलेली रूपं, हे त्याला सिद्ध करायचंय. टिपणांच्या वह्यांवर वह्या भरल्यात. ग्रंथ मात्र पुढे सरकत नाही. डोरोथियाला वाटतं, याच्याशी लग्न केलं तर एवढ्या मोठ्या कामाला आपलाही हात लागेल. आजूबाजूचे नाकं मुरडतात. ती लग्न करते.

गावात मिसेस कॅडवॉलडर नावाची एक तिखट जिभेची बाई आहे. कसॉबनच्या रक्ताचा थेंब कुणीतरी भिंगाखाली ठेवला तर त्यात नुसते अर्धविराम आणि कंस निघाले, अशी ती त्याची टर उडवते. हे वाचून मी घरात एकटाच मोठ्यानं हसलो. अर्धविराम आणि कंस! म्हणजे आमच्याच रक्तगटाचा की हा!

हसता हसता मला आमचे सर आठवले.

नाव सांगत नाही, नुसतं 'सर' म्हणतो. खरं तर आमच्याकडे डायरेक्टरलाही पहिल्या नावानं हाक मारतात, पण यांना सगळे सरच म्हणायचे. वय अठ्ठेचाळीस-पन्नास. कंपनीत वीसेक वर्षं झालेली. बरोबर एक वाजता डबा उघडायचा, एकट्यानं जेवायचं, डबा स्वतः धुऊन जागेवर. सहा वर्षांपासून ते एक फ्रेमवर्क बनवत होते. कुठल्याही क्लायंटचा, कुठल्याही फॉरमॅटमधला डेटा आत टाका, बाहेर तो एकाच ठरलेल्या रूपात मिळणार. सगळ्या कुलपांना एक किल्ली! दर तिमाहीला ते 'जवळपास तयार' असायचं. नवा क्लायंट आला की नवे अपवाद निघायचे, अपवादांसाठी नवे नियम, नियमांसाठी नवं डिझाइन डॉक्युमेंट. तोवर तेच काम करणारी फुकट टूल्स जगात येऊन, चालून, जुनीही झाली होती. आम्ही तिशीच्या आतले चार-पाच जण त्यांच्या टीममध्ये. चहाच्या टपरीवर आमचा विषय एकच.

पुस्तकातही अगदी हेच आहे. लग्नानंतर ही दोघं रोमला जातात. तिथं कसॉबनचा एक तरुण नातेवाईक, विल लॅडिस्लॉ, डोरोथियाला सांगतो, की या विषयात जर्मन विद्वान केव्हाच पुढे निघून गेलेत आणि कसॉबनला जर्मन येत नाही. म्हणजे ज्या विहिरीसाठी हा जन्मभर खणतोय, त्या गावात नळ येऊन वर्षं झालीत. एलियटला मात्र जर्मन उत्तम यायचं. स्ट्राउसचं गाजलेलं येशूचरित्र तिनं १८४६ मध्ये इंग्रजीत आणलं, फॉयरबाखचा ख्रिस्ती धर्मावरचा ग्रंथ १८५४ मध्ये. कसॉबन नेमका कुठं कमी पडतो हे तिच्याइतकं कुणाला कळणार? त्याची खिल्ली उडवायचा कुणाला अधिकार असेलच, तर तो तिला होता.

आता माझी चूक.

मागच्या वर्षी मार्चमध्ये अप्रेझल आलं. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: सहकाऱ्यांबद्दल तुमचं मत, निनावी. सरांबद्दल मी एकच वाक्य लिहिलं. मतितार्थ असा, की फ्रेमवर्क रिलीज होईल आणि सर रिटायर होतील तो दिवस एकच असेल. छोटं, टोकदार, इंग्रजीत तर फारच झकास जमलेलं. पाठवायच्या आधी शेजारच्याला दाखवलं. तो जाम हसला. मला माझंच कौतुक वाटलं. पुढे ते वाक्य मॅनेजर लोकांच्या बैठकीत वाचलं गेलं, तिथंही हशा झाला म्हणे, आणि मग ते आमच्या मजल्यावर फिरायला लागलं. कुणी लिहिलं ते कुणाला माहीत नव्हतं, एक तो शेजारचा सोडून. सरांच्या कानावर गेलं असणारच. मे महिन्यात फ्रेमवर्क बंद करायचा निर्णय झाला. जूनच्या शेवटी सरांनी राजीनामा दिला. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा.

माझ्या एका वाक्यानं हे घडलं असं मानण्याइतका मी मोठा नाही. ते काम बंद व्हायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण ते वाक्य माझं होतं.

तर अशा वेळी, जुलैमध्ये, मी हे पुस्तक वाचत होतो.

मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येतं. त्यामुळे वाक्य कितीही लांबलं तरी आपण त्याची वाट बघत असतो. ते आलं की सुटलो. एलियटच्या इंग्रजीत क्रियापद सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं. मुद्दा सांगून झालेला असतो. तरी वाक्य थांबत नाही. अर्धविराम येतो आणि पुढचा तुकडा आधीच्या तुकड्याला जरासा दुरुस्त करतो. परत अर्धविराम, आणि त्यापुढे अशा वेळी माणसं साधारण काय करतात याबद्दल काहीतरी, ज्यात आपणही येतो. मी ही वाक्यं आधी ईमेलसारखी वाचत होतो, म्हणजे पहिला तुकडा वाचला की पुढं. तसं वाचलं तर बाई फारच खोचक वाटते, कारण टोमणा बहुतेक वेळा आधी येतो. आणि काय एकेक टोमणे आहेत! पण वाक्य शेवटपर्यंत वाचलं की त्या टोमण्यावर हसलेला वाचकच हळूच पकडला जातो.

पंधरा-वीस दिवसांनी मला युक्ती सापडली. मोठ्यानं वाचायचं. मोठ्यानं वाचलं की अर्धविरामापाशी श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेतला की आधीचं डोक्यात राहतं. रूममेटला वाटलं माझा क्लायंट कॉल चालू आहे. त्यानं बिचाऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

असं करत करत एकोणतिसाव्या प्रकरणाशी आलो.

तोवर या लग्नाकडे आपण डोरोथियाच्याच बाजूनं बघत असतो. ती तरुण, मनस्वी, फसलेली. तो म्हातारा, कोरडा. प्रकरणाचं पहिलं वाक्य साधंच सुरू होतं, एका सकाळपासून, आणि डोरोथियाच्या नावापाशी येऊन मोडतं. तिथं एक आडवी रेघ. निवेदक स्वतःलाच हटकते, की दर वेळी हिच्याच डोळ्यांनी का बघायचं, या लग्नात आणखी एक माणूस आहे ना? छापलेल्या पुस्तकात लेखिकेनं स्वतःचं वाक्य अर्ध्यावर सोडलंय. मी ते तीनदा वाचलं. आम्ही असं वाक्य बघितलं असतं तर बग म्हणून टाकलं असतं.

आणि मग कसॉबनच्या आतलं सगळं. लग्न केलं की सुख मिळतं असं त्यानंही ऐकलेलं असतं, पण ते आलेलं नसतं, आणि ही गोष्ट तो कुणालाच सांगू शकत नाही. त्याच्या आधीच्या काही छोट्या पुस्तिकांची कुणी फारशी दखल घेतलेली नसते. त्यातून एक वाईट परीक्षण आलेलं असतं, आणि ते अमक्या जुन्या ओळखीच्यानंच लिहिलं असणार याची त्याला खात्री असते. ते परीक्षण त्यानं टेबलाच्या एका लहानशा खणात कुलूप लावून ठेवलंय. आणि मनातही तसंच, शब्द न् शब्द.

इथं मी पुस्तक बंद केलं. निनावी मत. टेबलाचा खण. त्या दिवशी पुढं वाचवलं नाही.

दोनच प्रकरणं आधी एक दृष्टान्त येऊन गेलेला असतो, तो मला तेव्हा नीट कळला नव्हता. तो तुम्हाला घरी करून बघता येईल. वर्षानुवर्षं घासलेलं स्टीलचं ताट घ्या. त्याच्यावर बारीक ओरखडे असतात, वाटेल त्या दिशेला. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च ताटासमोर धरा. ओरखडे एकदम शहाण्यासारखे त्या उजेडाभोवती गोल गोल रांगेत उभे राहिलेले दिसतात. टॉर्च हलवा, वर्तुळंही हलतात. एलियटच्या पुस्तकात आरसा किंवा चकचकीत पोलाद आहे आणि मेणबत्ती आहे, पण ताटावर अगदी तेच दिसतं. ती म्हणते तो मुद्दा असा, की घटना या ओरखड्यांसारख्या, आणि मेणबत्ती म्हणजे कुणाचा तरी 'मी'.

मी रविवारी रात्री खरंच ताट घेऊन बसलो. माझ्या वर्तुळात सर कोण होते? माझं प्रमोशन ज्यांच्या फ्रेमवर्कमुळे लांबलं ते. बास. त्यांची सहा वर्षं, त्यांचा एक वाजताचा डबा, सगळं माझ्या त्या एका तक्रारीभोवती गोल उभं होतं. एकोणतिसाव्या प्रकरणात वाक्य मोडतं तेव्हा ही बाई काय करते, तर मेणबत्ती उचलून दुसऱ्या बाजूला ठेवते. ओरखडे तेच. वर्तुळं दुसरीच.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायला हवी. ती कसॉबनला सोडत नाही. त्याचं पुस्तक खरं तर महान होतं असं ती एकदाही म्हणत नाही. ते निरुपयोगीच आहे आणि निरुपयोगीच राहतं. माणूसही काही साधा नाही. मरताना मृत्युपत्रात बायकोला अपमानकारक अट घालून जातो. ती हे लपवत नाही. एखाद्याबद्दल कणव वाटली की त्याच्या कामाबद्दलही बरं बोलावं लागतं, असा माझा समज होता. आमच्या हापिसात हे दोन्ही एकाच रकान्यात लिहितात ना, म्हणून असेल. एलियटच्या लांब वाक्यात दोन्हींना वेगवेगळी जागा आहे. काम वाया गेलं, आणि ज्याचं वाया गेलं त्याच्या पोटात काय होत असेल ते हे असं. माझ्या टोकदार वाक्यात दुसऱ्या अर्ध्याला जागाच नव्हती.

असं सांगतात, की कसॉबन कुणावरून बेतला असं कुणीतरी विचारलं तेव्हा तिनं स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.

ऑगस्टमध्ये केटी सुरू झाली. सरांचं उरलंसुरलं काम माझ्याकडे आलं होतं. रोज चार ते पाच, एक छोटी मीटिंग रूम, समोर प्रोजेक्टर. सर एकशे चाळीस पानांच्या डॉक्युमेंटमधलं एकेक पान समजावून सांगायचे, जे काम बंद झालंय त्याचं, आणि तरी एकही पान न गाळता. मी "हो सर, हो सर" करत लिहून घ्यायचो. एक दिवस जुन्या कोडच्या एका फाइलमध्ये वरच दोन ओळींची कॉमेंट दिसली. इंग्रजीत होती. अर्थ असा: ही सगळी दिशाच चुकीची असू शकते. शांतपणे पुन्हा बघणे. खाली तारीख, चार वर्षांपूर्वीची.

चार वर्षं! मी या कंपनीत लागलो त्याच्याही आधी. नंतर जागेवर येऊन मी जुनी हिस्टरी काढून बघितली. मधल्या काळात कोडची तीनदा फेररचना झाली होती, फाइलींची नावं बदलली होती, आणि दर वेळी सरांनी ती कॉमेंट उचलून नव्या फाइलच्या डोक्यावर ठेवली होती. पुसली नव्हती. आम्ही टपरीवर ज्या शोधाचं एवढं कौतुक करत होतो, तो त्यांचा त्यांना केव्हाच लागला होता.

त्या क्षणी प्रोजेक्टरवर आम्हा दोघांनाही ती कॉमेंट दिसत होती. काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. पण आदल्याच शनिवारी मी बेचाळिसावं प्रकरण वाचलं होतं. कसॉबनला डॉक्टरकडून कळलेलं असतं, की हृदय अधू आहे, कधी काय होईल सांगता येत नाही. तो बागेत झाडांच्या सावलीत येरझाऱ्या घालत असतो. डोरोथिया जवळ जाऊन त्याच्या हातात हात घालू बघते, तर तो हात मागेच बांधून ठेवतो, ताठ. कीव नको असते त्याला. ती आधी दुखावते, मग चिडते, मग रात्री उशिरापर्यंत खोलीबाहेर त्याची वाट बघत थांबते. तो दिवा घेऊन जिना चढून येतो, तिला बघतो आणि एवढ्या उशिरापर्यंत जागत जाऊ नकोस असं काहीतरी साधंच, मऊ आवाजात बोलतो. मग दोघं हातात हात घालून जातात. एवढंच. एवढ्यासाठी एलियट अख्खं प्रकरण खर्च करते, आणि शेवटची वाक्यं चक्क छोटी आहेत. म्हणजे छोटं वाक्य तिलाही येत होतं. फक्त ते तिनं आधी कमावलं.

मी काही बोललो नाही. सरांनी शांतपणे पान खाली सरकवलं. "पुढं?" म्हणाले. "हो सर," मी म्हणालो.

सप्टेंबरअखेर सर गेले. केक वगैरे झाला. मी दिवाळीच्या सुमारास पुस्तक संपवलं. शेवटी डोरोथियाचंही काही फार मोठं होत नाही. जगात नाव व्हावं असं काही तिच्या हातून घडत नाही. शेवटच्या परिच्छेदात एलियट म्हणते त्याचा मला कळलेला भाग असा, की ज्यांची कुठं नोंद नाही अशा माणसांच्या बारीकसारीक वागण्यावर आपलं बरंच काही चालू असतं. वाक्य लांब आहे, अर्धविरामानं मध्ये जोडलेलं. मोठ्यानं वाचा. मी वाचलं तेव्हा रूममेटनं टीव्ही बंदच केला आणि विचारलं, "परत एकदा वाच रे, काय आहे ते?"

पाडव्याला सरांना फोन केला. शुभेच्छांचं निमित्त. ते आईजवळ राहायला गेलेत, घरून थोडंफार काम करतात. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "सर, तुमचा तारखांचा मॉड्यूल अजून चालू आहे."

फ्रेमवर्क बंद झालं, पण तारखा ओळखणारा एक लहान तुकडा आम्ही उचलून नव्या सिस्टिममध्ये घातला होता. कुणी दिवस आधी लिहितं, कुणी महिना, कुणी वर्षाचे दोनच आकडे. तो तुकडा सगळं निस्तरतो. रोज रात्री चालतो. आम्ही घेतल्यापासून एकदाही पडलेला नाही. हे मी काही त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं नाही, खरंच तसं आहे.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग सर म्हणाले, "लीप इयरच्या टेस्ट केसेस बघितल्यास का तू? त्यातली सातवी बघ." आणि पुढची वीस मिनिटं आम्ही एकोणतीस फेब्रुवारीबद्दल बोललो. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं... म्हणजे, माझ्या तीन वर्षांत. बाकीची तीन मला कुठं माहितीयत.

ते वाक्य मी लिहिलं होतं हे सांगितलं का? नाही. सांगून माझं ओझं त्यांच्या डोक्यावर टाकल्यासारखं होईल, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, हेही सोयीचंच कारण आहे. दोन्ही खरं असू शकतं. असो.

यंदाच्या मार्चमध्ये परत तो फॉर्म आला. एका सहकाऱ्याबद्दल लिहायचं होतं, ज्याचं काम यंदा खरंच बरं झालं नाही. तसंच लिहिलं. पण तिथं थांबलो नाही. कुठल्या परिस्थितीत झालं नाही तेही लिहिलं, आणि त्यात माझा काय वाटा होता तेही. वाक्य सात ओळींचं झालं. मॅनेजर म्हणाला, "अरे एवढं कोण वाचणार? बुलेट टाक." टाकले. तीन बुलेट झाले, तिन्ही लागतील असे. त्यातला पहिला तेवढा उचलून कुणी बैठकीत वाचला तर माझा इलाज नाही.

तुम्हाला वाचायचं असेल तर पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं, कॉपीराइट कधीच संपलाय. प्रस्तावना अडली तर खुशाल सोडा आणि शेवटी परत येऊन वाचा. तेव्हा ती कळते. एका बैठकीत दोनच प्रकरणं. मोठ्यानं. आणि टोमणा आला की हसा, पण तिथं पान उलटू नका. वाक्य अजून संपलेलं नसतं.